अकरा पायऱ्यांखाली

धर्मापुरीचा बुधवारचा बाजार पाहायचा तर आधी मान वर करावी लागे. बाजार भरायचा तोच मुळी उंचावर. जुन्या किल्ल्याच्या तटाला लागून मोठा दगडी चौथरा होता. त्यावर दुकानांची लांबलचक ओळ बसे. तटातल्या लोखंडी कडीपासून ती निघे, पडक्या बुरुजाला वळसा घाले आणि पायऱ्यांच्या तोंडाशी, कडुनिंबाखाली येऊन संपे. तिथवर पोचायला अकरा पायऱ्या. अकरा म्हणजे फार नव्हेत, असं कुणी म्हणेल. त्यानं एकदा चढून दाखवावं! एकेक पायरी गुडघाभर उंच. बांधणाऱ्यानं कुणाच्या पायांचं माप घेतलं होतं देव जाणे, बहुतेक उंटाच्या.

खाली पटांगणात गुरांचा बाजार भरे. गुरांनी भाजीत, धान्यात तोंड घालू नये म्हणून माणसांचा बाजार वर नेला, असं जुनी माणसं सांगत. गुरं अडली खरी, पण त्यांच्याबरोबर माणसंही अडली. पोटुशा बाया अडल्या, गुडघे गेलेल्या म्हाताऱ्या अडल्या, डोक्यावर भारा नि काखेत लेकरू घेतलेल्या अडल्या. त्यांच्यासाठी मग एक रीतच पडून गेली. खाली उभं राहायचं, तोंडाभोवती दोन्ही हात धरायचे आणि बोंब ठोकायची, "ओऽ राधाकिशनसेठ! शेरभर गूळ सोडा!" की वरून सुंभाला बांधलेली टोपली हेलकावे खात खाली येई. पैसे टोपलीत टाकायचे, येईल तो माल निमूट घ्यायचा.

गूळ असा मिळे, मीठ असं मिळे. सीताफळ मात्र बोंब ठोकून घ्यायचं फळच नव्हे.

हे जाहेदाला जितकं कळत होतं तितकं साऱ्या बाजारात तिच्या आजोबांनाच कळत असेल. मुनव्वर बागवान गिऱ्हाइकाला भाव सांगण्याआधी विचारत, "कधी खायाचं? आज का उद्या?" मग टोपलीतल्या गवतात हात घालत, देठाजवळ अंगठा हलकेच टेकवत आणि फळ काढून देत. "हे उद्या दुपारचं. सकाळी फोडू नका, कच्चं लागंल. संध्याकाळ करू नका, उतरंल." आणि ते फळ खरंच दुसऱ्या दिवशी दुपारी पिके. परळीपर्यंतची माणसं त्यांच्या अंगठ्यासाठी बाजाराला येत.

जाहेदा तेरा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी मानमोडीच्या तापाच्या साथीत तिचे अब्बा गेले, तेव्हापासून अम्मी आमिनाबी डोंगरातून फळं उतरवी आणि जाहेदा दादामियाँच्या, म्हणजे आजोबांच्या, मागे बसून त्यांच्या हातात टोपल्या सरकवी. बोलायचं काम दादामियाँचं. तिनं तोंड उघडलं की ते म्हणत, "बेटा, बोलनेवाला एकच पुरे."

आणि यंदा भादव्यात बोलणारा तो एक डोंगरातल्या निसरड्या वाटेवर पडला. खुब्याचं हाड मोडलं. हाडवैद्यानं मांडीपासून घोट्यापर्यंत बांबूच्या कामट्या बांधल्या आणि बजावलं, "दिवाळीपातुर पाय वाकला तर जन्माचा गेला."

पाय वाकवायचा नाही, तर गुडघाभर पायऱ्या चढायच्या कशा?

एखाद्या बुधवारी नाही गेलं तरी चालून गेलं असतं. पण दसऱ्यानंतरच्या पहिल्या बुधवारी दोरी असे. मुकादम अर्जुनराव गाठी मारलेली लांब दोरी घेऊन येत. एक टोक तटाच्या कडीला बांधत आणि ओळीनं निघत. एक गाठ, एक दुकान. त्या बाजारात जागांना आकडे नव्हते. कोण कुणाच्या शेजारी एवढीच जागेची ओळख. मुकादम मोठ्यानं पुकारत, "राधाकिशनाच्या शेजारी कोण?" आणि धन्यानं स्वतः आपल्या जागेवर बसून "हाय!" म्हणायचं. धनी नसला, की वर्षभर वाट पाहणारा पुढचा माणूस त्या जागी बसणार.

पुढचा माणूस होता तंबाखूवाला गहिनीनाथ. वाईट नव्हता बिचारा. आजार कळल्यावर घरी येऊन पायाची विचारपूस करून गेला होता. फक्त जाताना त्यानं हळूच विचारलं होतं, "दोरीला येनार का, मुनव्वरभाई?"

"येनार," दादामियाँ म्हणाले होते. "माझ्या बापानं 'हाय' म्हणलंय तिथं, त्याच्या बापानं म्हणलंय. मी कावून न्हाई येनार?"

म्हणून त्या बुधवारी दिवस वर यायच्या आत शेजारचे दोघे जण दादामियाँना बाजेसकट उचलून पायऱ्यांशी घेऊन आले. दोन पायऱ्या ठीक गेल्या. तिसरीवर पुढचा वाकला, चौथीवर मागचा घसरला आणि बाज अशी काही तिरपी झाली, की दादामियाँ पायांकडच्या बाजूला सुर्रकन घसरले. त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो जाहेदानं पूर्वी कधी ऐकला नव्हता.

"उतरवा," ते दातओठ खात म्हणाले. "खाली घ्या मला. मी काय गुळाची ढेप हाय व्हय रे?"

बाज खाली आली. भिंतीशी टेकवली. दादामियाँनी तोंडावरून उपरणं ओढून घेतलं आणि कुणाशी बोलेनात. त्यांचे खांदे हलत होते. जाहेदानं तिकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तीही रडली असती आणि दोघं रडत बसली तर फळं कोण विकणार?

गेले दोन बुधवार ती याच ठिकाणी, पायऱ्यांच्या पायथ्याशी टोपली घेऊन बसली होती. वर धन्याच्या जागेवर पोरीला बसू देणार नाही, असं मुकादमांनी सांगितलं होतं. तिनं आजही टोपल्या मांडल्या. मांडते न मांडते तोच काठी टेकत छबुबाई आल्या. छबुबाई म्हणजे मुकादम अर्जुनरावांची आई. मुलगा अख्ख्या बाजाराचा मुकादम, आणि आईनं सहा वर्षांत वरचा बाजार पाहिला नव्हता! गुडघे. त्यांची बोंब मात्र साऱ्या पटांगणात पहिल्या नंबरची. बैल बुजत.

"काय गं पोरी, तुजा आजा झोपला का?"

"न्हाई जी. रुसलाय."

"कुनावर?"

"पायऱ्यांवर."

छबुबाई अशा हसल्या की पलीकडच्या म्हशीनं मान वळवली. "मग आमी दोघं एकाच घरचे! आन, दे मला दोन. मागं वरून टोपलीत सोडलेली घेतली व्हती. एक दगडावानी, एक चिखलावानी."

जाहेदानं टोपलीत हात घातला आणि तिच्या तोंडून आपोआप निघालं, "कधी खायाचं, आजी?"

"एक आज रातीला, एक उद्या सकाळी."

तिनं अंगठा टेकवला. एक ठेवलं, दुसरं ठेवलं, तिसरं काढलं. "हे आजचं. हे उद्याचं, पन न्हारीच्या टायमाला. लई उशीर करू नका." आणि मग दोन्ही फळं छबुबाईंच्या हातात देऊन म्हणाली, "दाबून बघा की. आता हाताशी हायेत."

छबुबाईंनी फळ हातात घेतलं, फिरवलं, नाकाशी नेलं. त्या म्हाताऱ्या तोंडावर असा काही आनंद पसरला, जणू हरवलेली नथ सापडली. "सहा वर्सांनी," त्या म्हणाल्या, "सहा वर्सांनी मी माल हातात घेऊन घेतला बग."

उपरण्याखालून आवाज आला, "उद्याचं बरोबर काडलं का?"

"बरोबर काडलं, दादामियाँ."

"देठाकडून बगितलं?"

"देठाकडूनच."

उपरणं थोडं खाली आलं. एक डोळा दिसला. छबुबाई दगडावर टेकल्या आणि निरोप दिल्यासारख्या दोन-तीन बाया तिथे गोळा झाल्या. कुणाच्या काखेत लेकरू, कुणाला सातवा महिना. सगळ्यांना फळ हातात घ्यायचं होतं! जाहेदाचं तोंड आता थांबेना. आजचं, उद्याचं, परवाचं. बोलणारा एकच पुरे असं म्हणणारे दादामियाँ ऐकत पडले होते आणि एकदाही मधे बोलले नाहीत.

पण उन्हानं वर सरकायला सुरुवात केली होती. ऊन डोक्यावर आलं की दोरी. वरून मुकादम पुकारतील, "राधाकिशनाच्या शेजारी कोण?" आणि तिथे कुणी नसेल.

राधाकिशनाच्या शेजारी कोण. जाहेदानं ते मनात दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं आणि ताडकन उठली.

"आजी, टोपल्यांवर लक्ष ठेवा!" म्हणत ती परकर वर खोचून पायऱ्या चढू लागली. अकराही पायऱ्या, हात टेकत, धापा टाकत.

कडुनिंबाखाली शेवटच्या तीन जागा. अलीकडे गूळवाला राधाकिशन, मधे दादामियाँची रिकामी जागा आणि पलीकडे, ओळीच्या टोकाला, बांगड्या भरणारी केसरबाई कासारीण. मधल्या जागेसमोर गहिनीनाथ तंबाखूचं गाठोडं मांडीवर घेऊन बसला होता. आत नाही, बाहेर. नियमाचा माणूस.

"सेठ," जाहेदा म्हणाली, "तुमी खाली चला."

"कोन मेलं?" राधाकिशन दचकला.

"कुनी न्हाई. दुकान घेऊन चला. केसरमावशी, तुमी बी. जागा म्हंजे कोन कुनाच्या शेजारी, असंच पुकारत्यात ना? मग तुमी दोगं दादामियाँच्या दोन्ही अंगाला येऊन बसा. शेजार खाली आला की जागा बी खाली आली!"

गहिनीनाथाचं तोंड उघडं राहिलं. मग केसरबाई मांडीवर थाप मारून हसली. "अगं बया! ही कालपातुर मुकी व्हती ना?"

"पोरी, तुला ऊन लागलंय," राधाकिशन म्हणाला. "खाली सावली न्हाई. माझा गूळ पातळ होऊन परळीपातुर वाहत जाईल. आन ती गुरं? एक जीभ फिरली की ढेप गेली. इथं माझ्या आज्यापासून कडुनिंब हाय डोक्यावर."

"कडुनिंब हाय, पन दुपारनंतर सावली कुठं जाते? तुमच्याकडं ऱ्हाते का?"

दर बुधवारी दुपारनंतर राधाकिशन ढेपा सरकवत बसे, हे सगळ्या बाजाराला माहीत होतं. सावली सरकली की ढेप सरकव, पुन्हा सरकली की पुन्हा सरकव. शेवटी तो निम्मा दादामियाँच्या जागेत शिरे आणि मग भांडण.

"मी दोन बुधवार खाली बसलेय," जाहेदा म्हणाली. "पायऱ्या उगवतीला हायेत. दुपार कलली की ह्या चौथऱ्याची सावली खाली पडायला लागती. एवढी, मग एवढी, मग गुरांच्या दावणीपातुर. बाजार उठंस्तोवर हलत न्हाई. सकाळच्याला तेवढं पाल बांधा. आन ढेपा वर चढवायचं काम बी वाचंल तुमचं. गुरांकडं मी बघते, काठी घेऊन बसते."

"आन गूळ पातळ झाला तर?"

"तर आमचं वरसभराचं सीताफळ तुमच्या घरी फुकट."

"मला सीताफळ बादतं," राधाकिशन म्हणाला. पण त्याची नजर कडुनिंबाकडे गेली आणि कडुनिंबावरून ढेपांकडे आली.

केसरबाई एव्हाना बांगड्यांच्या माळा गोळा करत होती. "मी निगाले. सातव्या महिन्याच्या लेकी माझ्याकडं बांगड्या भरायला ह्या पायऱ्या चडत येतात, माझा जीव टांगणीला लागतो. पन सेठ, तुमी न्हाई आला तर मी एकली येऊन काय उपेग? दोन्ही अंगाला शेजार पायजे."

"तुमी जावा की, सेठ," गहिनीनाथ पहिल्यांदाच बोलला, फार मायेनं. "मी तुमच्या जागेवर बसून कडुनिंबाची काळजी घेतो."

राधाकिशननं त्याच्याकडे असं पाहिलं, की दुसरा कुणी असता तर तंबाखू सोडून पळाला असता. मग त्यानं एक ढेप उचलून जाहेदाच्या हातात दिली. "धर. पाडलीस तर तूच शेजारी, तूच धनी, मी चाललो घरी."

ऊन डोक्यावर आलं तेव्हा पायथ्याशी तीन दुकानं लागली होती. एका अंगाला राधाकिशन, मधे बाजेवर दादामियाँ, दुसऱ्या अंगाला केसरबाई. गुळावर पाल ताणलं होतं तरी राधाकिशनची मान दर घडीला भिंतीकडे वळत होती. "कुठाय सावली?"

"येतेय, सेठ."

"कुठून येतेय, मोमिनाबादहून?"

तेवढ्यात एका कालवडीनं मागून येऊन कोपऱ्यातल्या ढेपेवरून मोठ्या प्रेमानं जीभ फिरवली. जाहेदा काठी घेऊन धावली. राधाकिशन डोक्याला हात लावून खाली बसला. छबुबाई दगडावर डोळे पुसपुसून हसत होत्या. दादामियाँ मात्र हसत नव्हते. त्यांना वर दोरीचा पुकारा ऐकू येत होता. बुरुजाचा वळसा झाला... आता कडुनिंब.

"राधाकिशन!" वरून आवाज.

"हाय!" राधाकिशन खालून ओरडला.

चौथऱ्याच्या कठड्यावरून मुकादम अर्जुनरावांचा फेटा डोकावला. "तू खाली काय करतोस बे?"

"बसलोय जागेवर. पुढचं पुकारा."

मुकादम तणतणत अर्ध्या पायऱ्या उतरले. हातात दोरीचं टोक. "ही काय थट्टा? बाजार वर हाय. दोरी वर हाय."

जाहेदाला वाटलं, आता दादामियाँ बोलतील. पण ते तिच्याकडेच पाहत होते. तिनं काठी खाली ठेवली.

"मुकादमसाब, तुमी जागा कशी पुकारता?"

"शेजारावरून. रीत हाय."

"मग शेजार हितं हाय. राधाकिशनसेठच्या शेजारी मुनव्वर बागवान, त्यांच्या शेजारी केसरमावशी. एक बी माणूस हलला न्हाई. आन धनी सवता बसलाय."

"पन दोरी सरळ जाते पोरी!"

"बुरुजाला वळती ना? तिथं वळती तर हितं कावून न्हाई?"

अर्जुनरावांनी बुरुजाकडे पाहिलं. दोरीकडे पाहिलं. खालून त्यांच्या आईनं हातातलं सीताफळ वर करून दाखवलं आणि एक शब्द न बोलता पुन्हा ओच्यात ठेवलं.

"वळंल," ते शेवटी म्हणाले. "रीतीत बसतंय. पन पुरनार न्हाई. माझ्या गाठी कडुनिंबाशी संपल्या. ह्या अकरा पायऱ्यांनी दोरी खाल्ली तर खालच्या तीन गाठी मी कुठून आनू? दोरी न्हाई पोचली, तर जागा न्हाई धरली जात."

ते टोक सहाव्या पायरीवर लोंबत होतं. पोचत नव्हतं. जाहेदाचे डोळे भरून आले. एवढं सगळं केलं, आणि पाच पायऱ्या?

तेव्हा दादामियाँ बाजेवरून बोलले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा तो बाजारातला खणखणीत आवाज लागला. "राधाकिशन! तुझ्या टोपलीचं सुंभ कुठाय?"

राधाकिशन पाहतच राहिला. बरोबर! तो स्वतः खाली आल्यावर वरून टोपली सोडणार कोण नि कुणासाठी? सुंभ कडुनिंबाच्या फांदीला तसंच गुंडाळलेलं होतं. "गहिनीनाथा, सोड ते!" तो ओरडला आणि गहिनीनाथानं, कडुनिंब आपला झाला या आनंदात, ते इतक्या झटक्यात सोडलं की टोपलीही त्याच्याच डोक्यावर आली.

अर्जुनरावांनी सुंभाचं टोक दोरीला बांधलं. ओढून पाहिलं. पुन्हा बांधलं. मग पायरी पायरी उतरत, प्रत्येक गुडघाभर उडीला "आई गं" म्हणत, ते खाली आले. सहा वर्षांपासून आई इथूनच बोंब मारत होती, हे त्यांना तिसऱ्याच "आई गं"ला आठवलं असावं, कारण पुढच्या दोन पायऱ्या त्यांनी तोंड मिटून उतरल्या. सुंभात त्यांनी तीन गाठी मारल्या. पहिली राधाकिशनाच्या पुढ्यात टेकवली.

"एका वर्सापुरतं," ते म्हणाले. "पुढच्या दसऱ्याला बघू."

"बघू," छबुबाई म्हणाल्या. "आधी पुकार."

मुकादमांनी घसा खाकरला. "राधाकिशनाच्या शेजारी कोण?"

दादामियाँनी दोन्ही हातांनी बाजेच्या कडा पकडल्या आणि जमेल तितकं ताठ बसले. पाय सरळ, कामट्या सरळ, मान सरळ. पण "हाय" म्हणण्याआधी त्यांनी जाहेदाचा हात धरून तिला बाजेवर आपल्या शेजारी, पुढच्या अंगाला बसवून घेतलं. मागे नाही.

"मुनव्वर बागवान," ते म्हणाले. "हाय!"

मुकादमांनी गाठ टेकवली आणि पुढे सरकले. केसरबाईनं हाय म्हटलं ते इतक्या जोरात, की तिच्या हाताशी बांगड्या भरून घेत असलेल्या लेकीनं हात मागे ओढला आणि सगळे हसले.

राधाकिशन एकटाच हसला नाही. तो खाली वाकून काहीतरी पाहत होता. भिंतीच्या बुडाशी चार बोटं काळी रेघ उमटली होती. त्यानं हात लावला. गार. त्यानं एक ढेप हळूच उचलली आणि त्या चार बोटांत, अर्धी आत अर्धी बाहेर, बसवली.

"कधी खायाचं?" त्याच्या मागे एक बाई जाहेदाला उलट विचारत होती. "तू सांग, पोरी. कोनतं कधी?"

जाहेदानं टोपलीत हात घातला. दादामियाँनी उपरणं घडी करून मांडीवर ठेवलं, डोळे मिटले आणि भिंतीला टेकून तिचं बोलणं ऐकत बसले.